जिला मी अंगचोर म्हणालो

मी माझ्या सख्ख्या भाचीला भर मैदानावर, माझ्याकडे शिकणाऱ्या सगळ्या पोरांसमोर, अंगचोर म्हणालो. ती अंगचोर नव्हती.

चूक कबूल करताना माणूस ती बहुधा अशी सांगतो, जणू अंधारात खड्ड्यात पाय पडला. माझी चूक तशी नव्हती. ती मी रोज पहाटे उठून, मन लावून, दीडेक वर्ष करत होतो. भाचीवर माया होती म्हणून करत होतो, असंही मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगितलं. माया होती हे खरं आहे. त्यानं चूक लहान होत नाही.

मी नगरमधल्या एका शाळेत खेळाचा शिक्षक आहे. राहायला भिंगारला, दोन खोल्या आणि पुढे एक ओटा. पहाटे लष्कराच्या आवारातून बिगुल ऐकू येतो, त्यावर मी उठतो. बायको गेली तेव्हा आम्हाला मूलबाळ नव्हतं. त्यानंतर घरात आवाज उरले ते बिगुलाचा, कुकरचा आणि माझ्या खोकल्याचा. रविवारी चर्चमध्ये उपासनेला जायचं, येताना पावशेर मटण घ्यायचं, एकट्यानं शिजवायचं आणि दोन दिवस तेच खायचं, असं माझं चाललं होतं.

माझी थोरली बहीण जामखेडला दिलेली. दाजी तिथल्या शाळेत शिक्षक. त्यांची मुलगी दहावी झाली तेव्हा ताई तिला घेऊन आली. पोरगी तालुक्याच्या स्पर्धेत पळून पहिली आली होती, आणि जामखेडला तिला शिकवणारं कुणी नव्हतं.

"तुझ्याकडं ठेवते," ताई म्हणाली. "शिकंल बी आणि पळंल बी. तुला बी घरात माणूस होईल."

शेवटचं वाक्य ताईनं सहज म्हटलं असेल. पण मला घरात माणूस हवंच होतं.

पोरगी आली आणि घर बोलायला लागलं. ती भांडी घासताना गायची, अभ्यास करताना पाय हलवायची, पाल दिसली की "मामा!" म्हणून अशी ओरडायची की शेजारचे दार उघडून बघायचे. बोलणं अस्सल जामखेडचं. मी एकदा म्हटलं, "नगरच्या कॉलेजात हसतील तुला, 'आहे' म्हण, 'हाय' नको." ती म्हणाली, "हसू द्या की मामा. त्यांची बी करमणूक हुईल." मी संध्याकाळी घरी येताना पहिल्यांदाच भरभर चालायला लागलो होतो.

पळण्याचं मला जे येत होतं ते भिंगारच्याच एका निवृत्त सुभेदारांनी शिकवलेलं. मी कॉलेजात असताना लांब पल्ल्याचा धावपटू होतो. सुभेदारांचा एकच नियम होता. पळून आल्यावर ज्याला उभं राहता येतं, तो पळालाच नाही. आम्ही पोरं पळून यायचो आणि मैदानाच्या कडेला पडायचो. कुणी ओकायचं. जो जास्त वेळ पडून राहील त्याच्या पाठीवर थाप मिळायची. माझं शरीर या नियमाला अगदी चपखल बसलं होतं. दीड-दोन तास पळालं की माझे पाय दुसऱ्याचे व्हायचे. डोळ्यांपुढे बारीक काजवे यायचे. पुढे लग्न झाल्यावरही तेच, घरी येऊन ओट्यावर बसायचो आणि बायको हातावर गूळ-शेंगदाणे ठेवायची. पाच-दहा मिनिटांनी जगात परत यायचो. त्या रिकामं होण्याचा मला अभिमान होता. सगळी माणसं अशीच रिकामी होतात, असं मी धरून चाललो होतो. दुसरं शरीर मी कधी जवळून पाहिलंच नव्हतं.

रविवारी पहाटे आम्ही पाथर्डीच्या रस्त्यानं लांब पळायला जायचो. मी, भाची आणि मैदानावरची काही पोरं. पहिल्या रविवारपासून एक गोष्ट व्हायला लागली. जाताना पोरं पुढे निघून जायची, मीही पुढे असायचो आणि ती मागे, आपल्या तालात. परत येताना पोरं एकेक करून ढिली पडायची. कुणी चालायला लागायचं, कुणी पोटऱ्या धरून बसायचं. मग मागून तिच्या पावलांचा आवाज यायचा. जाताना जसा, तसाच. ती एकेकाला मागे टाकत यायची, शेवटी मलाही. आणि मी घरी पोचेपर्यंत तिनं नळावरून पाणी भरलेलं असायचं, ओटा झाडलेला असायचा.

"मामा, च्या टाकू का? तुमचं तोंड बघा कसं झालंय, उकडलेल्या बटाट्यावानी."

ती हसायची. मीही हसायचो. पण मनात किडा वळवळायला लागला. इतकं पळून हिला झाडू कसा हातात धरवतो? मी मरायला टेकतो आणि ही गाणं म्हणते. सुभेदारांच्या नियमानं उत्तर सरळ होतं. ही पळतच नाही, अर्धं अंग राखून ठेवते.

याला दुसरी गोष्ट जोडली गेली ती भाताची. लांब पळायच्या आदल्या दिवशी मी दोन वेळा ताटभर भात खायचो. जोडीला उकडलेले बटाटे आणि गूळ. अंगात साखर भरून ठेवायची, हा सगळ्या पळणाऱ्यांचा रिवाज. माझ्या बाबतीत तो लागूही पडायचा. दुसऱ्या दिवशी पाय बराच वेळ साथ द्यायचे. मी तिच्या ताटातही तेवढाच डोंगर वाढला. तिनं निम्मा खाल्ला.

"मामा, एवढा न्हाई जात. पोट हाय का पोतं?"

आणि दुसऱ्या दिवशी त्या निम्म्या भातावरही ती तशीच पळाली, भाताचा तिला ना फायदा दिसला ना तोटा. मी यातून काय अर्थ काढावा? एखाद्यानं विचार केला असता की हिच्या अंगाचं गणित वेगळं असेल, हिला विचारू या, बघू या. मी असा अर्थ काढला की जी खर्चच करत नाही तिला भरायचं कशाला. तिचा भात मी कमी केला. मग पहाटेचं खाणं बंद केलं. कोरा चहा घ्यायचा आणि पळायचं. उपाशी पळालं की राखून ठेवलेलं बाहेर येईल. हलकी झाली की वेगही वाढेल. हे मी तिला समजावून सांगितलं, चांगल्या शब्दांत, डोक्यावरून हात फिरवून. तिनं ऐकलं. मामा शिकवतो म्हणजे बरोबरच असणार.

तिला स्वतःला काय हवं होतं ते तिनं मला एकदा सांगितलं होतं. मोबाईलवर तिनं कुठं तरी भंडारदऱ्याच्या धरणाभोवती, डोंगरातून दिवसभर पळणारी माणसं बघितली होती.

"मामा, मला असलं पळायचंय. लांबचं. लई लांबचं."

मी म्हणालो, "लांबचं म्हणजे ज्यांना वेग नाही त्यांची सोय आहे ती. तू आधी कमी अंतर जोरात पळून दाखव."

मोबाईल उलटा ठेवला तिनं.

मी तिला लांबच्या पळण्यातून काढलं आणि मैदानावर जोराच्या फेऱ्या द्यायला लागलो. एक फेरी जीव खाऊन, थोडं थांबून परत दुसरी. यात ती पोरांच्या मागे पडायची. मला वाटायचं, बघा, आता चोरी उघडी पडली. तिचे गाल बसले, मनगटं काटकी झाली. रात्री पाठ टेकली की झोपायची, गाणं बंद झालं होतं. मी त्याला शिस्त म्हणत होतो.

एका रविवारी ती उपासनेत पडली. सकाळी पळून, आंघोळ करून, पोटात नुसता चहा घेऊन आम्ही चर्चमध्ये आलो होतो. गीत म्हणायला सगळे उठले. ती माझ्या शेजारी उभी राहिली, बाकाच्या पाठीवर हात ठेवला, आणि मग तो हात सरकला. आवाजसुद्धा फार झाला नाही. बायकांनी तिला बाहेर नेलं, पाणी मारलं, कुणीतरी पर्समधून बिस्किटं काढली. ती बिस्किटं तिनं कशी खाल्ली ते मी बघितलं. एकावर एक, चावल्याशिवाय. आमच्या चर्चमधल्या एका म्हाताऱ्या मावशींनी मला सगळ्यांसमोर धरलं.

"काय हो मास्तर, पोरीच्या पोटात काही घालता, का नुसती शिट्टीच वाजवता?"

बायका हसल्या. उपासना चालवणारे पाळकसाहेबसुद्धा मान खाली घालून हसले. माझ्यातल्या शहाण्या माणसानं तिथंच ऐकायला हवं होतं. पण मी लाजलो, आणि लाजेतून मला राग आला. राग मावशींवर काढता येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मैदानावर तिची शेवटची फेरी ढिली झाली. पोरं कडेला पाणी पीत उभी होती. मी शिट्टी वाजवून तिला थांबवलं.

"सगळ्यांदेखत सांगतो," मी म्हणालो. "ही पोरगी अंगचोर आहे. देवानं अंग दिलंय आणि ही ते राखून ठेवते. घरी जाऊन झाडू मारायला हिच्यात जोर असतो, मैदानावर नसतो."

ती धापा टाकत होती. तरी सरळ उभी होती.

"मामा, मी चोरत न्हाई. माझं लवकर संपतच न्हाई. लांबचं पळू द्या, मग बघा."

"उलट बोलतेस?"

"उलट न्हाई मामा. खरं सांगतीय."

पोरांतलं एक फिस्सकन हसलं. त्या दिवसानंतर मैदानावर तिला तेच नाव पडलं. मी ते ऐकत होतो. एकदाही थांबवलं नाही.

पुढे तिच्या डाव्या नडगीत दुखायला लागलं. मी म्हणालो, पोटरी भरली असेल, शेकून घे. तीही बिचारी लंगडत नव्हती. लंगडली तर काय नाव पडेल ते तिला माहीत होतं. जिल्ह्याच्या निवड चाचणीत तिसऱ्या फेरीला ती एकदम बसली, पाय धरून. एक्स-रे काढला. हाडाला केसासारखी बारीक चीर गेली होती. डॉक्टर म्हणाले, "एका दिवसात होणारं नाही हे. बरेच दिवस चाललंय."

ताई तिला न्यायला आली. पिशवी भरून झाली, पोरगी बाहेर रिक्षात बसली, तेव्हा ताई आत आली आणि दार लोटून घेतलं.

"हिची पाळी कधीपासून बंद आहे, माहीत आहे तुला?"

माझ्यासारख्या माणसाला हे माहीत असायला हवं, हेच मला माहीत नव्हतं. पळणाऱ्या पोरींचं तसं होतं, कष्ट चांगले चाललेत याची ती खूण, असं मी कोचलोकांच्या गप्पांत ऐकलेलं होतं, एवढंच.

"मला फोनवर बोलली होती ती," ताई म्हणाली. "मी म्हटलं मामाला विचार, तो शिकलेला आहे त्यातलं. अरे, ती तुला कशी विचारणार? या घरात बाईमाणूस आहे का कुणी?" तिला रडू आलं, ते तिनं पदरानं दाबलं. "माझं बी चुकलं. पण तुझ्या समोर होती रे ती. रोज डोळ्यांसमोर होती."

रिक्षा गेली. मी ओट्यावर बसून राहिलो. संध्याकाळी सवयीनं दोन कप चहा ठेवला.

त्यानंतर मी जे केलं ते मूळ चुकीहून फारसं बरं नाही, म्हणून तेही लिहितो. मी कारणं शोधली. पोरीची हाडंच कच्ची असतील, जामखेडकडचं पाणी तसलं. शिक्षकांच्या खोलीत कुणी विचारलं तर म्हणायचो, "मुलींचं असंच असतं, टिकत नाहीत." मग मी मुलींना शिकवणंच बंद केलं. पालक मुलीला घेऊन आले की सांगायचो, माझ्याकडे जागा नाही. यात मला वाटायचं मी प्रायश्चित्त घेतोय. खरं तर मी फक्त परत पकडलं जायला घाबरत होतो. रात्री झोपताना मात्र प्रार्थनेत रोज देवाची माफी मागायचो. ते सोपं होतं. देव भिंगारला, खाटेशेजारीच होता. पोरगी एसटीनं दोन-अडीच तासांवर होती, तिथं मी गेलो नाही.

ती नर्स झाली हे मला नाताळच्या फोनवर कळलं. तिच्या लग्नाला गेलो, अक्षरशः तासभर. फोटोत सगळ्यात कडेला उभा आहे. तिनं वाकून नमस्कार केला, मी "सुखी राहा" म्हणालो, ती "व्हय मामा" म्हणाली. इतकंच आमचं बोलणं.

अशी बरीच वर्षं गेली. चर्चमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी राहते. कुणी नवीन तिथं बसायला आलं की मी सरकून घेतो आणि मग उपासनाभर मला बरं वाटत नाही.

गेल्या हिवाळ्यात भंडारदऱ्याला धरणाभोवती हौशी लोकांची लांब पल्ल्याची शर्यत होती. शाळेतले एक सहकारी निघाले होते, त्यांनी आग्रह केला म्हणून मीही नाव दिलं, असं मी सगळ्यांना सांगितलं. त्यांनी आग्रह केला नव्हता. मी स्वतःच त्यांच्या मागे लागलो होतो. तिला जिथं पळायचं होतं ती जागा मला बघायची होती.

दोन दिवस भात खाल्ला, पन्नाशीच्या माणसाला शोभणार नाही इतका. पहाटे थंडीत सुटलो आणि जुन्या सवयीनं जोरात सुटलो. चढावर कितीतरी बायकांना मागे टाकलं. पाणी उजव्या हाताला चमकत होतं, भातखाचरं कापून रिकामी झाली होती. अर्ध्याच्या पुढे बराच वेळ बरं चाललं. मग एका वळणावर माझे पाय पुन्हा दुसऱ्याचे झाले. काजवे आले. मी एका बांधावर बसलो. उठता येईना.

आणि मागून त्या बायका यायला लागल्या, ज्यांना मी सकाळी मागे टाकलं होतं. एक गेली, दोघी बोलत बोलत गेल्या. सगळ्यांची चाल तशीच, सकाळची. तो पावलांचा आवाज मला ओळखीचा होता. पाथर्डीच्या रस्त्यावर तो माझ्या मागून यायचा. मी मान वर केली नाही.

एक चाळिशीतल्या बाई थांबल्या. त्यांनी पिशवीतून खजूर काढून माझ्या हातावर ठेवले, मीठ-साखरेचं पाणी दिलं.

"काका, साखर संपली तुमची. खा. लग्नातल्या घोड्यासारखे उधळलात सकाळी, मी बघितलं."

त्या संगमनेरकडच्या डॉक्टर होत्या. मी जरा माणसात आल्यावर त्या म्हणाल्या, आता पळायचं नाही, चालायचं, मी येते बरोबर, नाहीतरी मला कुठं बक्षीस मिळणार आहे. आम्ही चालत राहिलो. मी विचारलं, "तुम्ही सगळ्या बायका अशा ताज्या कशा?"

"ताज्या कसल्या, पायाचे तुकडे पडलेत," त्या हसल्या. "पण तुमच्यासारखं एकदम नाही होत. तुम्ही चूल पेटवलीय कधी?"

"रोज पेटवायची आमची आई."

"मग बघा. अंगात सरपण दोन तऱ्हेचं. साखर म्हणजे चिपाडं. भसकन पेटतात, भसकन संपतात, आणि साठाही थोडाच असतो, स्नायूंत आणि यकृतात. चरबी म्हणजे ओंडका. मंद, पण पुरतो. जाळतात सगळेच दोन्ही. पण सारख्या कष्टाला बाईचं शरीर ओंडक्याकडून जरा जास्त घेतं आणि चिपाडं राखून ठेवतं. सरासरीनं हं, माणसागणिक वेगळं असतं. म्हणून लांबच्या पल्ल्यात शेवटी आमची चाल कमी मोडते."

राखून ठेवतं. मी चालता चालता थांबलो.

"काय झालं? चक्कर?"

"नाही. मग त्या बाईला खाणं कमी लागतं का?"

"तिथंच लोक फसतात," त्या म्हणाल्या. "ओंडका काय आकाशातून पडतो? तिला पोटभर लागतंच. तुम्ही भात भरता ना आदल्या दिवशी, तसा बाईला कधी कधी लागू पडत नाही, कारण मुळात तिचं एकूण जेवणच कमी असतं. एकूण जेवण वाढवा, मग तिच्याही अंगात साखर भरते. आणि उपाशी ठेवून पळवलंत तर शरीर घरातले दिवे एकेक करून घालवतं. आधी पाळी. मग हाडं."

हे सगळं त्या इतक्या साध्या आवाजात बोलत होत्या, जणू रस्ता सांगत होत्या. मी विचारलं, "आम्हाला हे कुणी का सांगितलं नाही?"

"जुने प्रयोग बहुतेक पुरुषांवरच झालेले होते, काका. त्यांनी एक शरीर बघितलं आणि सगळ्यांना लावलं." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुम्ही शिकवता का कुणाला?"

"शिकवत होतो," मी म्हणालो. "एका मुलीला."

त्या मला शेवटच्या पाणपोईपर्यंत सोडून पळत निघून गेल्या.

मला त्या दिवशी सुटका मिळाली असती. माहीत नव्हतं, कुणालाच माहीत नव्हतं, असं म्हणता आलं असतं. परतीच्या गाडीत मी ते म्हणूनही बघितलं. पण तिनं मला सांगितलं होतं. कुठल्याही डॉक्टरच्या आधी, धापा टाकत, पोरांसमोर उभी राहून, तिनं तिच्या अंगाची खबर दिली होती. माझं लवकर संपतच न्हाई. शास्त्र मला माहीत नव्हतं हा माझा गुन्हा नाही. जिचं शरीर होतं तिचं मी ऐकलं नाही, हा आहे.

मी ताईला फोन केला. "रविवारी येतोय जामखेडला. पोरीला आणि जावयांनाही जेवायला बोलव."

"काय काम काढलंस?"

"काही नाही."

"काही नाही म्हणून तर तू इतकी वर्षं आला नाहीस," ताई म्हणाली. मग, "मटण करते. ये."

एसटी कडा, आष्टी करत जामखेडला पोचली. वाटेत मी वाक्यं जुळवत होतो आणि मोडत होतो. आधी वाटलं तिला बाजूला घेऊन सांगावं, अंगणात, दोघंच असताना. मग लक्षात आलं की हीसुद्धा माझी सोय आहे. अंगचोर मी तिला चारचौघांत म्हणालो होतो. माफी एकांतात कशी मागणार?

ती स्टँडवर घ्यायला आली होती. आता अंगानं भरली आहे, कपाळावर एक पांढरी बट आहे. दवाखान्यात दिवसभर उभी असते म्हणाली. ताईचं घर चढावर आहे. ती माझी पिशवी घेऊन बोलत चालत होती आणि मी मागे धापा टाकत होतो. वर पोचल्यावर तिला दम लागलेला नव्हता.

जेवायला आम्ही सतरंजीवर बसलो. दाजी, ताई, भाची, जावई आणि मी. ताटं वाढून झाली. आमच्याकडे रीत अशी की घरी आलेल्या वडीलधाऱ्यानं जेवणाआधी प्रार्थना करायची. दाजी म्हणाले, "करा हो तुम्ही." सगळ्यांनी डोळे मिटले, माना खाली घातल्या.

मी हात जोडले, डोळे मिटले. इतकी वर्षं मी हेच तर करत आलो होतो. जे पोरीला सांगायचं ते देवाला सांगायचं.

"डोळे उघडा सगळ्यांनी," मी म्हणालो. "मला आधी हिच्याशी बोलायचंय."

"मामा, भात गार हुईल," ती म्हणाली. तिला बहुतेक कळलं होतं. ती ताटाकडे बघत होती.

"होऊ दे. जावईबापू, ही माझ्याकडे पळायला शिकत होती. तुम्हाला माहीत असेल."

जावई गोंधळले. "कोण, ही? ही पळायची?"

तिनं घरात नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं. मी दिलेलं नाव ती एकटीच बाळगून होती, आणि ते लपवायला तिनं पळणंच लपवलं होतं. ताईनं माझ्याकडे बघितलं. मी थांबलो असतो तर तिथंच थांबलो असतो.

"पळायची," मी म्हणालो. "लांबच्या पल्ल्याला माझ्याहून, माझ्या सगळ्या पोरांहून चांगली. आम्ही सगळे मोडून पडायचो आणि ही सकाळच्याच चालीनं परत यायची. मला ते बघवलं नाही."

मग मी तिच्याकडे वळलो.

"पोरी, तू अंग चोरत नव्हतीस. तुझं लवकर संपत नव्हतं, हे तू मला सांगितलंस आणि मी पोरांसमोर तुझी लाज काढली. मी तुझं ताट कमी केलं. उपाशी पळवलं. तुझी पाळी गेली, हाड मोडलं, आणि तुझं भंडारदरा गेलं, ते माझ्या हातानं गेलं. तुझ्यात काही कमी नव्हतं. मी माझंच अंग सगळ्यांचं समजत होतो. इथं, या सगळ्यांसमोर, मी तुझी माफी मागतो."